अंगणातली खुरपणी

मी बांधकाम खात्यात कारकून आहे. बावीस वर्षं रस्तेदुरुस्तीच्या फायली फिरवतोय, आणि मला स्वतःच्या अंगणातल्या फरशीच्या दरजा काही सांभाळता आल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शहाणा समजायला नको.

लातुरात हे घर बांधलं तेव्हा मायनं एकच अट घातली होती. संडास आणि न्हाणी घराच्या आत नको. "देव आन् संडास एका छपराखाली? मी न्हाई ऱ्हानार तसल्या घरात," असं ती म्हणाली. मग घर एका बाजूला, न्हाणी-संडास अंगणाच्या पार त्या कोपऱ्यात, आणि मधे शहाबादी फरशी. ओट्यावरून उतरलं की मायची चौदा पावलं. खाली काळी माती. काळ्या मातीवर घर बांधणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात ती आकसते, फरश्यांमधल्या दरजा बोट जाईल इतक्या उघडतात. पावसाळ्यात ती फुगते, मग एखादी फरशी एका कोपऱ्यानं वर येऊन बसते. आम्ही दोन-चार वर्षं तिच्याकडं काणाडोळा केला. खेड्यातून आलेल्या माणसाला एवढं तेवढं अंगण चालतं.

तीन वर्षांपूर्वी बापू, म्हणजे माझे वडील, कायमचे आमच्याकडं आले. अहमदपूर तालुक्यात आमची बारा एकर आहे. आधी त्यांचे गुडघे गेले आणि मग हळूहळू डोक्यातलं सुटत गेलं. कालचं आठवेना, चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र लख्ख. शेत बटईनं दिलं आणि माय-बापू दोघांना घेऊन आलो. बापूंच्या पिशवीत दोन धोतरं, एक टॉवेल आणि खुरपं निघालं. बायको हसली. मीही हसलो. इथं काय खुरपणार?

पाऊस पडून आठ दिवस झाले तसं दरजांतून गवत वर आलं. हराळी, लव्हाळा, मधेच एखादं काँग्रेस गवत. सकाळी उठून बघतो तर बापू अंगणात उकिडवे बसलेले. ज्या गुडघ्यांनी त्यांना ओटा उतरता येत नव्हता त्याच गुडघ्यांवर ते एक दरज धरून पुढं सरकत होते. खुरप्याचं टोक आत घालायचं, मनगट वळवायचं, मुळासकट तण उपसायचं, डाव्या हातात धरायचं. मूठ भरली की मागं टाकायचं. एक दरज संपली की दुसरी. भिंतीपाशी पोचले की उठून म्हणायचे, "पात लागली." शेतात खुरपणाऱ्या बाया आपल्या वाट्याची ओळ संपली की म्हणतात ना, तसं.

आम्ही फार खूश झालो. घरात भिरभिरत फिरणारा, दारं उघडून बाहेर पडू बघणारा माणूस अंगणात तासन् तास शांत बसायला लागला. संध्याकाळी ते गवताचा ढीग फाटकाजवळ लावायचे. म्हशीसाठी. आमच्याकडं म्हैस नाही. सकाळी बायको तो ढीग गुपचूप घंटागाडीत टाकायची. "म्हशीनं खाल्लं का?" ते विचारायचे. "खाल्लं की," ती सांगायची. आलेल्या पाहुण्यांना मी मोठ्या कौतुकानं दाखवायचो, बघा, आमचे बापू या वयात कसे काम करतात. गवताबरोबर दरजांमधलं जुनं सिमेंटही खपल्या-खपल्यांनी निघतंय हे मला दिसत होतं. पण म्हटलं, निघू दे. सिमेंट काय, कधीही भरता येतं.

ते "कधीही" मला फार महागात पडलं.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी माय न्हाणीकडं निघाली होती. हातात तांब्या. न्हाणीजवळची फरशी खालून पोकळ झाली होती, ती डुगडुगली, आणि मायच्या पायाचा अंगठा मोकळ्या दरजेत अडकला. ती ओरडलीही नाही. तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावलो. डाव्या बाजूचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, बारा दिवस दवाखाना झाला. सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वॉकर धरून त्या चालतील. पण दुसऱ्यांदा पडल्या तर माझ्या हातात काही नाही. आधी तुमचं अंगण बघा."

बायकोनं घरातच खुर्चीचा संडास आणायचा विषय काढला. माय पलंगावर पडल्या पडल्या भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मला हगाया-मुतायाला कुनी उचलू नका, आन् घरात बी बसवू नका. माझ्या पायानं जाऊ द्या. येवढं करा, दुसरं काई मागत न्हाई." आयुष्यभर तिनं खरंच दुसरं काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "माय, पंधरा दिवसांत अंगण आरशासारखं करतो."

मिस्त्री आला. त्याचं म्हणणं, सगळं उखडा, खाली मुरूम भरा आणि वरून कोबा करा. महिनाभर घर खणून ठेवायचं आणि आत नुकतं ऑपरेशन झालेली बाई. ते जमणार नव्हतं. म्हटलं, डुगडुगणाऱ्या फरश्या तेवढ्या बसव आणि दरजा भरून दे. त्यानं फरश्या बसवल्या. मग पातळ सिमेंट कालवून दरजांवर ओतलं, चिंधीनं पुसलं, चहा पिऊन गेला. आठवड्यात दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटला. उरलेला बापूंनी खुरप्यानं सोलून काढला.

ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारा मिस्त्री बसतो. त्यानं मला नीट सांगितलं. दरज आधी दोन बोटं खोल उकरायची. ब्रशनं माती काढायची, नाहीतर सिमेंट मातीला धरतं, फरशीला नाही. पाणी मारायचं. माल घट्ट कालवायचा, मुठीत दाबला तर लाडू व्हावा आणि हाताला पाणी लागू नये असा. मग दरजेत कोंबायचा, पातळ लोखंडी पट्टीनं ठासायचा, घोटायचा आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. "लिपायचं न्हाई साहेब, ठासायचं," हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

शनिवार-रविवार मी गुडघ्याखाली पोतं घेऊन अंगणात बसलो. शेतकऱ्याचा मुलगा असून माझे हात कागदाचे झालेत हे पहिल्याच तासात कळलं. नखं फाटली, कमरेचा काटा ढिला झाला. पण पाच दरजा भरल्या, आणि चांगल्या भरल्या. बापू ओट्यावर बसून सगळं बघत होते. मला वाटलं, पोराच्या कामाचं कौतुक चाललंय.

सोमवारी सकाळी पाचही दरजा मोकळ्या. ओला माल खुरप्यानं उकरून, त्याचा नीट ढीग करून फाटकाजवळ ठेवलेला. म्हशीसाठी.

मी खुरपं माळ्यावर टाकलं. त्यांनी चमचा घेतला. चमचे लपवले तर उलथनं गेलं. उलथन्यानंतर दाराची कडी काढून आणली. मी भरायचो, ते उकरायचे. तीन आठवडे हेच चाललं. आत मायला व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणायची, आजी, आता चार पावलं टाका, आणि माय दारापर्यंत येऊन अंगणाकडं बघून परत फिरायची. पंधरा दिवसांचा शब्द मी दिला होता. तिला उचलून न्यायचं काम माझ्याकडं आणि बायकोकडं होतं. प्रत्येक वेळी माय डोळे मिटून घ्यायची. सत्तरी ओलांडलेल्या आईचे ते मिटलेले डोळे बघून मला स्वतःची लाज वाटायची. आणि लाजेचा नेहमी राग होतो, तो बापूंवर निघाला.

एका रविवारी ते माझ्या डोळ्यांदेखत ओली दरज उकरायला बसले तेव्हा मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडलो. "बापू, माय पडंल ना परत! तुमीच पाडायलात तिला!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलाकडं बघतात तसं नाही, कामावर नव्या आलेल्या माणसाकडं बघतात तसं.

"पडू ने म्हनून तर काढायलो," ते म्हणाले. "बांदावर तन माजलं की किरडू बसतंय त्यात. ती दुपारची भाकर घेऊन येती. अनवानी ऱ्हाती. डोस्क्यावर टोपलं, पायाखालचं काय दिसतंय तिला? मी न्हाई काढलं तर कोन काढंल?"

किरडू म्हणजे साप. आमच्या गावात सगळ्यांच्या बांधावर गवत असायचं, बैलाला तेवढंच होतं म्हणून कुणी ते काढत नसे. आमचा बांध मात्र रस्त्यापासून विहिरीपर्यंत कायम खरडलेला. लोक बापूंना चिडवायचे, पाटील, बांधावर पंगत वाढता का? ते नुसते हसायचे. लहानपणी मलाही वाटायचं, यांना कामाची खोडच आहे. माय तीस वर्षं त्या बांधावरून भाकर घेऊन आली. तिच्यासाठी तो खरडलेला असतो हे मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि मला सुचलंही नाही. आता कळलं ते असं. एकाच बाईच्या त्याच दोन पायांसाठी मी दरजा भरत होतो आणि ते उकरत होते. मी थापी धुतली आणि आत जाऊन बसलो.

नांदेडला माझी अक्का असते, तिसऱ्या मजल्यावर. फोनवर सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हैनाभर इकडं आन त्यांला. तवर तू तुझं काम उरकून घे." मला तो सुटकेचा रस्ता वाटला. बापूंना गाडीत बसवताना सांगितलं, बियाणं बघायला जायचंय. ते खुशीनं बसले.

त्याच शनिवारी सुरुवात केली. चार दिवस रजा टाकली. सगळ्या दरजा दोन बोटं उकरल्या, ब्रशनं साफ केल्या, पाणी मारलं, माल ठासला. आठ दिवस पाणी मारलं. माझ्या हातून आयुष्यात झालेलं हे एकमेव पक्कं काम. खिळा ओढला तरी ओरखडा उठत नव्हता. नवव्या दिवशी मायला ओट्याखाली उतरवलं. तिनं वॉकर धरला. मी मागं, बायको पुढं. "व्हा बाजूला," ती म्हणाली. एक एक पाऊल टाकत ती न्हाणीपर्यंत गेली, दार आतून लावून घेतलं. आम्ही दोघं अंगणात उभे. आतून पाण्याचा आवाज आला आणि बायकोला रडू फुटलं. माय बाहेर आली, परत चौदा पावलं चालली, ओट्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "झालं बाई."

बारा दिवस ती तशी चालली. तिच्या तोंडावर पुन्हा जुना तोरा आला. चहात साखर कमी म्हणून बायकोशी वाद घातला. मला इतकं बरं वाटलं की मी ऑफिसात पेढे नेले, आणि कशाचे म्हणून विचारलं तर काय सांगावं ते कळेना.

मग अक्काचा फोन आला. ती रडत होती. बापू तिच्या घरातल्या टाइल्सच्या सांध्यांत नखं घालून दिवसभर उकरत होते. बोटांना पट्ट्या बांधल्या तर पट्ट्या काढून उकरत होते. फरशीवर रक्ताचे ठिपके. "माझ्याच्यानं बघवत न्हाई रे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन आली.

ते फाटकातून आत आले आणि थांबले. खाली बसून त्यांनी पट्ट्या बांधलेला हात फरशीवरून फिरवला. एक दरज बोटानं चाचपत भिंतीपर्यंत गेले, दुसरी धरून परत आले. कुठंच काही नव्हतं. मी केलं होतं ना, पक्कं. त्यांनी वर बघून विचारलं, "औंदा पेरलंच न्हाई का?"

त्यांनी मला विचारलं, अक्काला विचारलं, मग दूधवाल्याला विचारलं. औंदा पेरलं न्हाई का? मी खुरपं माळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सिमेंटवर दोनदा ओढून बघितलं आणि खाली ठेवलं. दुपारी ताट समोर आलं तर सरकवून दिलं. "काम केलं न्हाई. भाकर कशाची?" रात्री तेच. दुसऱ्या दिवशी तेच. भरवायला गेलं तर तोंड घट्ट मिटायचे. डॉक्टरांनी औषध दिलं, भूक लागेल म्हणाले. भूक त्यांना लागत होती हो. वास आला की त्यांची मान वळायची. पण बिनकामाची भाकर खायची नाही, हे एवढं एकच त्यांच्या डोक्यात शाबूत राहिलं होतं, आणि तेवढं औषधानं निघत नव्हतं.

चौथ्या दिवशी मायनं मला हाक मारली. ती पलंगावर बसली होती, वॉकर समोर.

"फोड," ती म्हणाली.

"काय फोड?"

"दरजा. फोड सगळ्या."

मी भडकलो. "माय, तुला चालायचंय ना? कशासाठी केलं मग मी येवढं? डॉक्टर काय म्हनले ते ऐकलंस ना?"

"चालले की बारा दिस. बास झालं." मग तिनं माझ्याकडं न बघता वॉकर हातानं बाजूला सारला. "मी न्हाई चालले तर मरत न्हाई. ते न्हाई जेवले तर मरतेत."

छिन्नी-हातोडा घेऊन मी अंगणात बसलो. माल इतका धरला होता की ठिणग्या उडायच्या. एकेक दरज फोडताना मला शिव्या द्याव्याशा वाटत होत्या, पण कुणाला द्याव्यात ते कळत नव्हतं. दोन दिवस लागले. दरजा मोकळ्या झाल्या, पण आत नुसती कोरडी माती. उन्हाळा तोंडावर, गवत येणार कुठून?

मग मी जे केलं ते आमच्या गावात कळलं तर मला बांधावर उभं करणार नाहीत. मी हराळी लावली. आमच्या सात पिढ्यांची कंबर हराळी काढण्यात मोडली, आणि मी ऑफिसमागच्या नाल्याकाठी बसून तिच्या मुळ्या खणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, गाडीच्या डिकीत घातल्या. ऑफिसातल्या एकानं बघून विचारलं, "पूजेला दुर्वा का?" मी हो म्हणालो. घरी येऊन दरजांत काडी-काडी लावली, पाणी घातलं. आठवड्यात हिरवं दिसलं. बापू उतरले, खुरपं घेतलं, पात धरली. त्या दुपारी दीड भाकर खाल्ली. आता मी मागं मागं लावत जातो, ते पुढं पुढं काढत जातात.

घरात संडासाची खुर्ची आली. पहिल्या दिवशी मायनं बायकोला देव्हाऱ्यावर टॉवेल टाकायला लावला. बायकोनं टाकला. मी बाहेर निघून गेलो, फाटकाशी उभा राहिलो. वॉकर आता खिडकीशी असतो, त्याच्यावर पंचे वाळतात.

माय दिवसभर ओट्यावर खुर्चीत बसते. बापू तिच्यापासून आठ हातांच्या अंतरावर काम करतात. पण ती कोण हे त्यांना कळत नाही. कुणीतरी म्हातारी बसलीय एवढंच. दुपारी कमरेवर हात देऊन ते उठतात आणि फाटकाकडं बघतात. "भाकर आली न्हाई अजून." घरातून ताट नेलं तर हात लावत नाहीत. भाकर रस्त्यावरून यायला हवी. म्हणून बायको मागच्या दारानं बोळातून जाते आणि भाकरीचं टोपलं घेऊन फाटकातून आत येते. तसं आलं की जेवतात. बायको डोक्यावर पदर घेते, त्यामुळं असेल, ते काही विचारत नाहीत.

परवा बायको माहेरी गेली होती. मी फडक्यात भाकर, वांग्याची भाजी आणि कांदा बांधला, बोळातून वळसा घालून फाटक उघडून आत आलो. बापूंनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"तू कामून आनली? ती कुटं हाय?"

मी ओट्याकडं बघितलं. मायनं पदर तोंडाला लावला होता. तीच बोलली, पदर बाजूला करून, अगदी शेजारणीच्या आवाजात.

"तिचे पाय दुखायलेत. उद्या येईल ती."

बापू आवाजाच्या दिशेला वळले. कोण बोललं ते त्यांनी विचारलं नाही. टॉवेलनं हात पुसले, खाली बसले, फडक्याची गाठ सोडली.

"तिला म्हनाव, सावकास ये," ते म्हणाले. "रस्ता साफ हाय."

"हाव," माय म्हणाली. "सांगते तिला."